भोंगा वाजला की सोंगट्या मोजा

बुद्धिबळाचा निकाल सोंगट्या मोजून लावणाऱ्या माणसांना पटाच्या आसपाससुद्धा फिरकू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या कॉलनीतल्या गणेश मंडळाला मी ते तोंडावर सांगितलंय, लेखी दिलंय, आणि आता इथेही सांगते. ज्यांना हा किरकोळ विषय वाटतो त्यांनी खुशाल किरकोळ म्हणावं. मी फुटपाथवरच्या अतिक्रमणांविरुद्ध पत्रकं वाटते तेव्हाही लोक हेच म्हणतात आणि गाडीच्या धक्क्याने स्वतः पडले की मला फोन करतात.

आधी पद्धत समजून घ्या. आम्ही खडकीत राहतो, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. बाबा कारखान्यात. आमच्या कॉलनीचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. भोंग्यावर डबे भरले जातात, भोंग्यावर मुलं खेळ सोडून घरी येतात, आणि गणपतीतल्या स्पर्धेत भोंग्यावर बुद्धिबळाचा डाव संपतो. बुद्धिबळाचं ते दोन तोंडांचं घड्याळ असतं ना, ज्यात प्रत्येकाची वेळ वेगळी धावते, ते मंडळाकडे नाही. कधी नव्हतंच. म्हणून दुपारी डाव मांडायचे आणि संध्याकाळचा भोंगा झाला की हात वर. भोंगा सुरू होताना ज्याचा हात सोंगटीवर असेल त्याने तेवढी खेळी पुरी करायची. नवीला हात लावायचा नाही. तोवर मात झाली असेल तर ठीक. नसेल झाली तर गुण मोजायचे. प्याद्याचा एक, घोड्याचे तीन, उंटाचे तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ. ज्याची बेरीज जास्त तो जिंकला.

आणि मोजतात कसे? पटावर बघून नाही. बघून मोजताना म्हणे चूक होते. म्हणून आधी सगळ्या सोंगट्या पटावरून उचलायच्या, पांढऱ्यांचा एक ढीग, काळ्यांचा एक ढीग, आणि मग मोजणी. म्हणजे निकाल द्यायच्या आधी डाव मोडून टाकायचा. न्यायाधीशाने निकालाआधी पुरावा धुऊन वाळत घालावा, तसं.

याचा परिणाम काय होतो ते कोणीही येऊन बघावं. भोंगा जवळ आला की पटावर मंडई सुटायच्या वेळची झुंबड उडते. जो तो दिसेल ते प्यादं उचलत सुटतो. एकदा दोन आजोबांनी शेवटच्या काही मिनिटांत एकमेकांचे उंट, घोडे, हत्ती असे काही सपासप मारले की पटावर फक्त राजे आणि थोडी प्यादी उरली आणि दोघांच्या मांडीवर सोंगट्यांचा बाजार. राजाकडे कोणी बघत नाही. का बघतील? राजाला गुणच नाहीत.

आई या असल्या बुद्धिबळात वाढलेली नाही. ती कोड्यांत वाढली.

मी शाळेत असताना तिने मला सुट्टीतल्या बुद्धिबळाच्या वर्गाला घातलं होतं. मी तिथे जांभया देत बसायचे आणि ती बाहेरच्या बाकावर, खिडकीतून आत बघत. वर्ग संपला, मी खेळ विसरले, ती विसरली नाही. पुढे हातात फोन आला आणि त्यात तिला कोड्यांचं ॲप सापडलं. एक पट समोर येतो, खाली लिहिलेलं असतं, पांढऱ्याची खेळी. बरोबर खेळी शोधली की हिरवं, चुकली की लाल. बस्स. सकाळी स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याला फोन टेकवून ती उभी असायची, एका हाताने कणीक मळत, दुसऱ्या हाताची करंगळी स्वच्छ राखून. घोडा हलवायची ती करंगळीने.

सुरुवातीला ती सारखी चिडायची.

"अगं, फुकटचा हत्ती होता!"

"मग घेतलास?"

"घेतला की! लाल झालं. म्हणजे फुकट मिळतंय ते घेऊ नये का माणसाने?"

मग ती पुन्हा बघायची. आपण हत्ती खाल्ला, त्या नादात आपला वजीर आपल्या राजापासून लांब गेला, आणि समोरच्याने दोन चालींत राजाला मागच्या रांगेत गाठलं. ती कपाळावर पिठाचा हात मारून घ्यायची. पण तेच कोडं दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची आणि सोडवूनच पोळ्या लाटायला घ्यायची. हळूहळू तिचा क्रम ठरला. आधी शह बघायचे. सगळे, अगदी खुळचट वाटणारेसुद्धा. मग मारामारी बघायची. बेरीज-वजाबाकी सगळ्यात शेवटी. त्या ॲपमध्ये पटाच्या कडेला एक पट्टी असते, थर्मामीटरसारखी. कोण किती पुढे ते ती सतत दाखवते. आईने ती माझ्याकडून बंद करून घेतली. म्हणाली, "काढ बाई ते. शेजारी बसून कोणी सारखं सांगायला लागलं, तुझं एवढं आणि त्याचं तेवढं, की मला समोरचं दिसेनासं होतं."

मी एखाद्या नगरसेवकाच्या नावाने बोटं मोडत घरी आले तर ती म्हणायची, "थांब जरा, घोडा अडकलाय." मला राग यायचा. पण हेही सांगते, की आमच्या अख्ख्या कॉलनीत अडकलेल्या घोड्यासाठी कोणाला थांबवायची सोय असलेली ती एकटीच बाई होती, आणि ती सोय तिने स्वतःची स्वतः केली होती.

गेल्या गणपतीत ती नाव द्यायला गेली. मी बरोबर होते. मंडळाचे सेक्रेटरी मांडवात टेबल टाकून बसले होते. चांगला माणूस आहे, वर्गणीला कोणावर जबरदस्ती करत नाही, पण डोक्यात खण केलेले आहेत आणि प्रत्येक खणाला कुलूप.

"या वहिनी. रांगोळी की पाककला?"

"बुद्धिबळ."

"नाही, म्हणजे तुमचं स्वतःचं विचारतोय."

"माझंच सांगतेय."

"वहिनी, महिलांसाठी संगीत खुर्चीसुद्धा आहे यंदा."

"बुद्धिबळ फक्त पुरुषांचं आहे का?"

"छे हो. खुला गट आहे."

"मग उघडा," आई म्हणाली आणि पेन पुढे केलं.

पहिल्या सगळ्या फेऱ्या तिने मात करून जिंकल्या. भोंग्याची वेळच येऊ दिली नाही, त्यामुळे मोजणीचा प्रश्नच आला नाही. लोक आधी कौतुकाने बघायचे, "वा वहिनी" वगैरे, मग जरा कमी कौतुकाने. ती उपांत्य फेरीत जिंकली तेव्हा टाळ्या बायकांकडूनच आल्या.

अंतिम डाव काकांशी. काका म्हणजे कारखान्यातले निवृत्त फोरमन. बाबा त्यांच्या हाताखाली होते. मंडळाचा बुद्धिबळाचा चषक वर्षानुवर्षं त्यांच्याच घरी जातो. कॉलनीत म्हण आहे, काका जिंकत नाहीत, काका भोंग्यापर्यंत टिकतात. हळू खेळायचं, काही सोडायचं नाही, एखादं प्यादं जास्तीचं मिळवायचं आणि त्याच्यावर बसून राहायचं. मनगटावरचं घड्याळ ते अजून भोंग्याला लावून घेतात. ते अगदी सभ्य माणूस आहेत. मला सभ्यतेबद्दल तक्रार नाही. सभ्यपणे काय काय करता येतं, त्याबद्दल आहे.

शनिवार होता. मांडवात गर्दी. मी आईच्या मागे उभी. डाव बराच चालला, दोघांचंही बरंच मारून झालं, आणि शेवटाकडे आई एका घोड्याने पुढे होती. बाकी सगळं सारखं. वजीर, दोन दोन हत्ती, पाच पाच प्यादी. मागे कोणीतरी मोठ्याने बेरीज केली, "सत्तावीस-चोवीस! वहिनी तीनने पुढे!" सेक्रेटरी वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, आता काही करू नका. नुसतं इकडेतिकडे करत राहा. भोंगा आलाच."

आईने घोडा उडवला आणि एकाच खेळीत दोन शह दिले, घोड्याचाही आणि मागून वजिराचाही. काकांचा राजा कोपऱ्यात गेला. जावंच लागलं. त्याच्या पुढे त्याचीच दोन प्यादी. मग आईने आपला वजीर उचलला आणि थेट त्या राजाच्या शेजारच्या घरात, काकांच्या हत्तीच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

"शह."

मांडवात "अरे अरे अरे" झालं. "अहो वहिनी, वजीर!" एक आजोबा तर खुर्चीवरून उठले. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. मीसुद्धा डोळे मिटून घेतले, खोटं कशाला बोलू.

काकांनी हत्तीवर बोटं ठेवली. आणि थांबले. दुसऱ्या हाताने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. पाणी मागवलं, एक घोट घेतला. बोटं हत्तीवरच. मला वाटलं, विचार करतायत. फुकटचा वजीर आहे, घ्यावा की यात काही डाव आहे, असं तोलतायत. सगळ्यांना तसंच वाटलं. कोणीतरी म्हणालं, "बघा, याला म्हणतात संयम." आई नुसती बसली होती, एक हात मांडीवर, दुसरा पटाच्या कडेला.

भोंगा सुरू झाला. भोंगा सुरू झाल्यावर काकांनी हत्ती उचलला, आईच्या वजिरावर ठेवला आणि वजीर मुठीत घेतला. आईचा हात घोड्याकडे गेला.

"हात वर, वहिनी!" सेक्रेटरी ओरडले. "नवी सोंगटी नाही!"

"मात आहे," आई म्हणाली.

"भोंगा झाला वहिनी."

"अहो, पण मात आहे. घोडा इथून इथे."

तोपर्यंत मंडळाची दोन पोरं वाकली होती आणि सोंगट्या गोळा करत होती. पांढऱ्या इकडे, काळ्या तिकडे. मी ओरडले, "अरे थांबा! पट तर बघा!" एकाने मान वर करून विचारलं, "कुठला पट?" खरंच, कुठला पट? टेबलावर चौकटींचा एक रिकामा पुठ्ठा होता आणि दोन ढीग.

मोजलं. आईचे अठरा. काकांचे चोवीस. टाळ्या.

मी पुढे झाले. म्हटलं, हा काय न्याय आहे, एक खेळी, फक्त एक खेळी राहिली होती. सेक्रेटरी म्हणाले, "जर-तरवर स्पर्धा चालत नाहीत. नियम सगळ्यांना सारखा." मी म्हटलं, "नियमच चुकीचा असेल तर तो सगळ्यांना सारखा चुकीचा, एवढंच." त्यावर ते हसले आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, हा गणपतीचा मांडव आहे. तुमचं आंदोलन कलेक्टर कचेरीसमोर." लोक हसले. काका वजीर मुठीतच धरून बसले होते. त्यांनी तो हळूच आमच्या ढिगात ठेवला आणि उठले.

घरी आल्यावर आईने माझा शाळेतला जुना पट काढला आणि जेवणाच्या टेबलावर ती स्थिती जशीच्या तशी मांडली. एकही सोंगटी शोधत बसली नाही. मग मला म्हणाली, "बघ." काकांचा राजा कोपऱ्यात. पुढे त्याचीच प्यादी. शेजारी त्याचाच हत्ती, नुकताच वजीर खाऊन येऊन बसलेला. आईने घोडा उडवला. घोड्याचा शह, आणि राजाला हलायला घर नाही, कारण सगळी घरं त्याच्याच माणसांनी भरलेली. घोड्याला मारणारं आसपास कोणी नाही. मात. मला चित्रासारखं दिसलं. आजवर मी बुद्धिबळात जे काही पाहिलं होतं त्यात इतकं सुंदर काही नव्हतं, आणि ते आमच्या कॉलनीने फडक्याने पुसून टाकलं होतं.

"काका एवढा वेळ विचार करत होते, तरी त्यांना दिसलं नाही?" मी विचारलं.

"कसला विचार? अगं, त्यांना एकच खेळी होती. शह होता. राजाला वजीर मारता येत नव्हता, माझ्या घोड्याचा जोर होता त्याला. हत्तीनेच मारायला हवा होता. दुसरं काही करताच येत नव्हतं."

मग मला कळलं. एकुलती एक खेळी. त्या एका खेळीवर बोटं ठेवून माणूस चष्मा पुसत होता आणि अख्खा मांडव त्याला संयम म्हणत होता!

माझं डोकं फुटायची वेळ आली. बाबा मध्ये पडले. "जाऊ दे आता. काका माझे फोरमन होते."

"मग?" मी म्हटलं.

"मग काही नाही. सांगतोय फक्त."

"तुला माहीत होतं भोंगा जवळ आलाय ते?" मी आईला विचारलं.

"माहीत होतं की."

"मग नुसती बसली असतीस तर..."

"तीनने जिंकले असते."

"आणि तरी वजीर दिलास?"

"मात दिसत असताना वजीर कवटाळून बसू?" ती माझ्यावरच चिडली. "मग रोज सकाळी काय बेरजा शिकायला उभी राहते मी?"

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा निरोप आला. मंडळाने वहिनींसाठी खास महिला उत्तेजनार्थ बक्षीस ठेवलंय. कॅसरोल. आईने निरोप आणणाऱ्याला विचारलं, "उत्तेजन कशाला देतायत? अजून एक वजीर देऊ का?" आणि दार लावलं.

मी तोवर पत्रक लिहायला घेतलं होतं. माझा हात त्यात बसलेला आहे. 'खडकीकरांनो, जागे व्हा! भोंगाशाही चालणार नाही!' इथून सुरुवात. कटकारस्थान, मक्तेदारी, पुरुषी मानसिकता, सगळं आलं होतं. आईने चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"गटार तुंबल्यावर लिहितेस, तसंच लिहिलंयस."

"मग कसं लिहू? अन्याय झालाय तुझ्यावर!"

"झालाय. पण यात ती मात कुठेय? हे वाचून लोक म्हणतील, बाई हरली आणि मुलीने गोंधळ घातला. मला चषक नकोय. त्या सगळ्यांनी ती मात बघितली पाहिजे. आणि काकांनी मांडवात उभं राहून सांगितलं पाहिजे, की डाव माझा होता. एवढंच. याच्यापेक्षा कमी नको आणि जास्तही नको."

मला कमी-जास्त कळत नाही. मला सगळं हवं असतं. पण डाव तिचा होता. मग मी एका मोठ्या कार्डशीटवर पट काढला, सोंगट्या काढल्या, आणि खाली आईने सांगितलं तसं लिहिलं. एक ओळ मी माझी घुसवली, ती तिने राहू दिली.

'शनिवारच्या अंतिम डावातील शेवटची स्थिती. पांढऱ्याची खेळी. एका खेळीत मात. उत्तर आम्हाला सांगू नये, आम्हाला माहीत आहे. काकांना घरी जाऊन सांगावे. दुपारी बेल वाजवू नये.'

मांडवाच्या तोंडाशी रोजचा सुविचार लिहायचा फळा असतो, त्याच्या खाली ते लटकवलं. सेक्रेटरींनी काढायला सांगितलं. मी विचारलं, "यात खोटं काय आहे ते दाखवा, लगेच काढते." ते वाकून पटाकडे बघायला लागले. मग घोड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा इथे गेला तर..." आणि बोट मागे घेतलं. कार्डशीट राहिली.

आता, पुणेकराला उत्तर माहीत असताना ते न सांगता घरी जाता येत नाही. शाळेतून येणारी मुलं काकांच्या दारात. पहिल्या पाळीतून सुटलेले लोक काकांच्या दारात. उत्तर चुकलेलेसुद्धा जायचे, कारण ते चुकलंय हे त्यांना काकांनीच सांगायचं होतं. एक आजोबा म्हणे तासभर वाद घालून आले, की उंटाने मात आहे. पटावर उंटच नव्हता.

शेवटी एका सकाळी काका आमच्या दारात उभे. मी दार उघडलं. चेहरा लालबुंद.

"आई आहे का घरात?"

आई बाहेर आली. "या ना काका. बसा. चहा टाकते."

"चहा राहू द्या. वहिनी, हा काय प्रकार आहे? अहो, दूधवाला पिशवी हातात ठेवतो आणि म्हणतो, काका, घोडा!"

"बरोबर आहे त्याचं."

"बरोबर आहे ते मला माहीत आहे!"

बोलून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. खुर्चीत बसले. टेबलावर पट मांडलेलाच होता, आईने तो उचललाच नव्हता. आम्ही सगळे शनिवारपासून मांडीवर ताट घेऊन जेवत होतो. काका पटाकडे बघेनात. आईने चहा आणला, त्यांच्यासमोर ठेवला आणि समोर बसली.

"काका, एकच विचारते. तुम्हाला एकच खेळी होती. मग एवढा वेळ वाट कसली बघत होतात?"

काकांनी कप उचलला, खाली ठेवला.

"भोंग्याची," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर आईने माझ्याकडे न बघता हात वर केला.

"नियमात बसतं ते," काका म्हणाले. "मी काही फसवलेलं नाही. आयुष्यभर भोंग्यावर आत गेलो, भोंग्यावर बाहेर आलो. भोंगा झाला की काम संपलं. अर्धं असो, पाऊण असो."

"नियम मोडला असं मी म्हणतच नाही," आई म्हणाली. "डाव कोणाचा होता?"

"चहा चांगला झालाय."

"काका."

"बघतो," ते म्हणाले आणि उठले. बाबा पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले. मी आईला म्हटलं, बघ, गेले पळून. असेच असतात. तोंडातून आलेलं गिळायचं आणि चहाचं कौतुक करायचं! आई टेबल पुसायला लागली. पट तेवढा सोडून.

बक्षीस समारंभ विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी होता. आई नवी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली. मी तिच्या शेजारी. रांगोळी झाली, पाककला झाली, संगीत खुर्ची झाली. मग बुद्धिबळ. काकांचं नाव पुकारलं. ते वर गेले, चषक घेतला, फोटो झाला. खाली उतरणार, तर वळले आणि सेक्रेटरींच्या हातातून माइक घेतला. मांडवात कोणीतरी कण्हलं, कारण काकांनी माइक घेतला की आरतीला उशीर होतो.

"एक निवेदन," काका म्हणाले. "शनिवारचा डाव वहिनींचा होता. पुढच्या खेळीला मात होती. मला ती दिसत होती. मी भोंग्यासाठी थांबलो." त्यांनी चष्मा सारखा केला. "नियमानुसार चषक माझा आहे. तो मी नेत आहे. धन्यवाद."

आणि चषक काखेत मारून उतरले!

आधी सगळा मांडव हसायला लागला, मग टाळ्या. आई टाळ्या वाजवत होती. हसत होती. मी ताडकन उभी राहिले. "अहो, मग चषक खाली ठेवा ना! कबूल करताय तर..." आईने माझी ओढणी धरून मला खाली खेचलं.

"गप्प बस."

"आई, त्यांनी कबूल केलं आणि तरी..."

"मी काय मागितलं होतं?"

"पण हा नालायकपणा आहे!"

"असू दे. तो त्यांचा आहे."

मला नाही हे पटत. आजही नाही. सगळ्यांसमोर सत्य सांगायचं, आणि ते सांगूनसुद्धा काहीही सोडायचं नाही, यासाठी लागणारा कोडगेपणा मी मोठमोठ्या कार्यालयांत पाहिलाय. तिथेही नंतर टाळ्या होतात. आणि नियमाचं काय? काका एक सुटले, पण पुढच्या वर्षी दुसरा कोणी चष्मा पुसत बसेल त्याचं काय? मी तशीच उठले आणि स्टेजच्या मागे सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, घड्याळ नसेल तर दोन मोबाइल ठेवा, फुकट होतं. आणि मोजायचंच असेल तर निदान पट मोडून मोजू नका, आधी बघा. ते म्हणाले, कार्यकारिणीपुढे ठेवू. मी म्हटलं, कार्यकारिणी म्हणजे तुम्ही आणि तुमचे साडूच ना, आत्ता ठेवा. ते म्हणाले, आरतीची वेळ झाली. मी म्हटलं, आरतीलासुद्धा भोंग्याची वाट बघताय का? आवाज चढला. साडू आले. त्यांचाही चढला. काहीही ठरलं नाही, आणि जोवर ठरत नाही तोवर मी गप्प बसणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना आधीच माहीत असावं, कारण त्यांनी फक्त मान हलवली.

परत आले तर आई जागेवर नव्हती. मांडवाच्या कडेला ट्यूबलाइटखाली बायकांचा घोळका दिसला. मध्ये मंडळाचाच पट, मंडळाच्याच सोंगट्या, दोन खुर्च्या जोडून त्यांवर मांडलेला. रांगोळीत पहिली आलेली बाई गुडघ्यांवर बसून बघत होती. पाककलावाली कडेवर मूल घेऊन. मागे दोन-तीन पुरुषही होते, आपण सहज थांबलोय अशा बेताने. आई घोडा हातात धरून विचारत होती, "आता राजा कुठे जाईल सांगा?"

"इथे?"

"तिथे त्याचाच हत्ती आहे."

"मग इथे?"

"ते त्याचंच प्यादं."

रांगोळीवाल्या बाईने राजाभोवतीच्या घरांवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाली, "अगं बाई! जागाच नाही की त्याला!"

"नाहीच," आई म्हणाली आणि घोडा ठेवला.

मी आणखी पुढे सरकले. मला सांगायचं होतं, सेक्रेटरी काय म्हणाले, साडू काय म्हणाले, आणि हे सगळे कसे एकाच माळेचे मणी आहेत. आईने मान वर करून पाहिलं.

"तुझं भांडण झालं असेल तर जरा बाजूला हो," ती म्हणाली. "उजेड अडवतेयस. यांना पुन्हा बघायचंय."